फिजिओच्या विद्यार्थ्यांच्या स्ट्रेसवर थीसिस करायचाय, पण नेमकं मोजायचं काय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू फिजिओथेरपीत मास्टर्स करतेयस, विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर थीसिस करायचाय, गाईड म्हणतायत पीएसएसचा (परसीव्ह्ड स्ट्रेस स्केल, ताण मोजायची प्रश्नावली) फॉर्म २०० जणांकडून भरून घे, टक्केवारी काढ आणि मोकळी हो. तुला वाटतंय यातून नवीन काय कळणार, आणि सिनॉप्सिसमध्ये (थीसिसचा आधी द्यायचा आराखडा) 'प्रोफेशनल प्रॅक्टिससाठी उपयोग' असा जो रकाना आहे तिथे लिहायचं तरी काय. आणि अगदी खाली एक ओळ टाकलीयस, की खरं तर मलाच हल्ली सकाळी उठून पोस्टिंगला (वॉर्डातल्या कामाच्या पाळीला) जावंसं वाटत नाही, त्यावरून हा विषय सुचला. मी २० वर्षांहून जास्त काळ पेशंट बघतेय, त्यातली बरीच वर्षं विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवण्यात गेली, थीसिस गाईड केलेत, तपासलेत, त्यामुळे अनुभवातून जे वाटतं ते लिहिते. वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.

आधी ती खालची ओळ. हे किती दिवस चाललंय? झोप, भूक, अभ्यास, मित्रमैत्रिणींशी बोलणं यात फरक पडलाय का? आणि जगणंच नको असं कधी मनात येतं का? हे तीन प्रश्न स्वतःला अगदी सरळ विचार. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर थीसिस राहू दे बाजूला, आजच्या आज जवळच्या एका माणसाला सांग आणि डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जा, एकटी राहू नकोस. नाही असेल पण दोन आठवड्यांच्या वर असंच चाललं असेल तरी कुणाला तरी दाखव. गुडघा दोन आठवडे सुजलेला असता तर तू दाखवलाच असतास ना, तसंच आहे हे.

हे मी सगळ्यात आधी का लिहितेय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी गाईड केलेल्या एका स्टडीत आम्ही पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरली होती. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, आणि नववा प्रश्न मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का हा. फॉर्म भरून झाले, एका मोठ्या खाकी पाकिटात घालून कपाटात ठेवले, परीक्षा होत्या म्हणून डेटा एंट्री नंतर करू म्हटलं. तीन आठवड्यांनी पाकीट उघडलं. त्यात एक कागद असा होता की नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' वर खूण होती, आणि ती खूण इतकी दाबून केली होती की मागच्या पानावर उमटली होती. नाव नव्हतं कारण स्टडी निनावी, फक्त वर्ष आणि कुठलं पोस्टिंग तेवढं. आम्ही त्या आख्ख्या गटाशी बोललो, काउन्सेलरला बोलावलं, पण तो कागद कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते तीन आठवडे माझ्या हिशेबात आहेत आणि राहतील. तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे आणि त्यात सूट देत नाही: ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी बघायची आणि त्यावर काही करायची तयारी नाही तो प्रश्न विचारायचा नाही.

आता तुझ्या विषयाकडे वळते. 'विद्यार्थ्यांना स्ट्रेस आहे का' हे विचारण्यात आता फारसं काही उरलेलं नाही. परीक्षेच्या महिन्यात कुठल्याही बॅचला पीएसएस दे, माझ्या हाताखालून गेलेल्या थीसिसमध्ये तरी बहुतेक जण 'मध्यम'च्या खान्यात, थोडे 'जास्त'च्या, आणि शेवटी शिफारस काय तर स्ट्रेस मॅनेजमेंटचे कार्यक्रम घ्यावेत. हे डेटा न घेताही लिहिता आलं असतं. म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला सिनॉप्सिसच्या आधी एकच विचारते, समज तुझा आकडा आला, तो वाचून कोण माणूस उद्या काय बदलू शकेल? पोस्टिंगचं टाइमटेबल लावणारा? वॉर्डात शिकवणारा? त्याचं उत्तर देता आलं नाही तर प्रश्न अजून फार पसरट आहे, बारीक कर.

पीएसएस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हं. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती १९८३ मध्ये आणली, मूळ १४ प्रश्नांची होती, आता १० वाली जास्त चालते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ म्हणजे एकूण ० ते ४०. त्यात चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा प्रश्न उलटे मोजायचे असतात, हे विसरल्यामुळे आख्खा मास्टर चार्ट (सगळ्यांच्या उत्तरांचा तक्ता) परत करायला लागलेला मी पाहिलाय म्हणून आवर्जून सांगतेय. पण ती निदानाची स्केल नाही. १३ पर्यंत कमी, २६ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त, ही जी विभागणी एका थीसिसमधून दुसऱ्यात कॉपी होत राहते तिला आजाराची सीमारेषा समजू नकोस, सरळ सरासरी आणि स्कोअरचा पसारा दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती मागच्या एका महिन्याबद्दल विचारते. तुमची पोस्टिंग जर दोन-दोन आठवड्यांची असतील तर त्या एका स्कोअरमध्ये न्यूरो (मेंदू-मज्जातंतूंचा विभाग) आणि ऑर्थो (हाडं-सांध्यांचा) दोन्ही कालवले गेले, मग कशामुळे काय झालं ते कसं सांगणार?

त्या मानाने मला डब्ल्यूएचओ-५ ही मन किती बरं आहे ते मोजायची प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी जास्त आवडते. १९९८ पासून वापरात आहे, पाचच प्रश्न, पाचही चांगल्या बाजूने विचारलेले, म्हणजे मन प्रसन्न होतं का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का अशा धाटणीचे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ५, एकूण २५, त्याला ४ ने गुणलं की १०० पैकी स्कोअर. ५० किंवा त्याखाली आला तर नैराश्यासाठी नीट तपासणी करावी असं धरतात. दोन मिनिटांत भरून होते, पुन्हा पुन्हा देता येते, आणि तिच्यात स्वतःला इजा करण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे मी वर सांगितलेला पेच थोडा सैल होतो. पूर्ण सुटत नाही, कारण कमी स्कोअर आलेल्याचं काय करणार ते तुला तरीही ठरवावंच लागेल. भाषांतरं बरीच झालेली आहेत, स्वतः घरी बसून भाषांतर करू नकोस, आधी तुमच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत व्हॅलिडेटेड (तपासून खात्री केलेलं) व्हर्जन आहे का ते शोध.

बर्नआउट (कामाने पार थकून जाणं) मोजायचा मोह होईल, तर तिथेही एक गोष्ट लक्षात ठेव. हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अर्थाने वापरात आणला आणि क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांची २२ प्रश्नांची इन्व्हेंटरी १९८१ ची. तिचे तीन भाग: भावनिक थकवा, समोरच्या माणसाशी वस्तूसारखं वागायला लागणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाहीये ही भावना. विद्यार्थ्यांसाठी वेगळी १५ प्रश्नांची आवृत्ती २००२ मध्ये आली, तिच्यात मधला भाग अभ्यासाबद्दलच्या तुटलेपणाचा आहे, पेशंटबद्दलचा नाही. म्हणजे बघ, वर्गात बसणाऱ्यांना एक आवृत्ती आणि दिवसभर पेशंट हाताळणाऱ्या इंटर्नना दुसरी लागते, आणि दोघांना एकत्र करून सरासरी काढली तर काहीच कळत नाही. शिवाय मॅस्लॅकची वापरायला लायसन्स घ्यावं लागतं, ते न बघता लोक वापरतात आणि छापायच्या वेळी अडकतात. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी, १९ प्रश्नांची, मोफत आहे आणि तिच्यातले ६ प्रश्न थेट ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्या लोकांबद्दलचे आहेत, इंटर्नसाठी मी तीच सुचवेन. आणि थीसिसमध्ये 'बर्नआउटचे रुग्ण' असं चुकूनही लिहू नकोस, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत (२०१९ मध्ये मंजूर, २०२२ पासून लागू) तो कामाशी संबंधित प्रकार म्हणून नोंदलाय, आजार म्हणून नाही.

आता माझ्या मते तुझ्या विषयातला खरा रस कुठे आहे ते सांगते. तुझ्याकडे एक गोष्ट आयती आहे जी बऱ्याच शाखांच्या विद्यार्थ्यांकडे नसते, ती म्हणजे पोस्टिंगचं रोटेशन. एकच मुलगी एक महिना न्यूरोत, मग ऑर्थोत, मग कार्डिओ-रेस्पिरेटरीत, मग लहान मुलांच्या विभागात जाते. आणि बॅचचे गट पाडलेले असतात त्यामुळे एक गट न्यूरोपासून सुरू करतो तर दुसरा ऑर्थोपासून. म्हणजे प्रत्येक जण स्वतःशीच तुलना करायला मिळतो! एखादी मुळातच काळजी करणारी असेल तर ती चारही ठिकाणी काळजीच करणार, तो भाग आपोआप वजा होतो, आणि वर्ष सरत गेलं तसा जो सगळ्यांचाच थकवा वाढतो तो वेगवेगळ्या क्रमामुळे वेगळा काढता येतो. प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी डब्ल्यूएचओ-५ दे, प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे आणि पोस्टिंग चार आठवड्यांचं, म्हणजे उत्तर त्या पोस्टिंगबद्दलच येणार, आधीच्याची भेसळ नाही. यासाठी तुला २०० जण नकोत. ४०-५० जण चार वेळा भरतील तर एकदाच भरलेल्या २०० पेक्षा मला तरी ते जास्त सांगून जातं. ॲनालिसिस थोडं अवघड होतं, एकाच व्यक्तीची अनेक मापं असतात म्हणून दोन गटांच्या सरासरीची तुलना करणारी साधी टी-टेस्ट चालत नाही, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना आधीच भेट, डेटा घेऊन झाल्यावर नको.

आणि स्कोअरबरोबर त्या पोस्टिंगची हकीकतही घे. रोज सरासरी किती पेशंट हाताळले, त्यातले किती उचलायला-वळवायला लागणारे, अडलं तर विचारायला कोण जवळ होतं का, चूक झाली तर कुठे सांगितली जाते, पेशंटसमोर की नंतर बाजूला घेऊन. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी कामाच्या ताणाचं एक साधं मॉडेल मांडलं होतं, मागणी खूप आणि स्वतःच्या हातात काहीच नाही अशी जोडी सगळ्यात त्रासदायक असते असं. इंटर्नची अवस्था अगदी हीच असते, सकाळी कुठला पेशंट, किती वेळ, कुठली ट्रीटमेंट, जेवायला कधी जायचं यातलं काहीही त्यांच्या हातात नसतं. हे मोजलंस तर तुझ्या टेबलात अशी एखादी ओळ येईल जी वाचून वॉर्डातला माणूस खरंच काही बदलू शकतो. आमच्या इथे आम्ही एक छोटा बदल केला होता, पेशंटसमोर फक्त सुरक्षिततेबद्दल बोलायचं, बाकी सगळं फीडबॅक राउंड संपल्यावर दहा मिनिटं बसून. त्याने सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, आम्ही ते नीट मोजलंही नाही, पण मुलं शंका विचारायला लागली हे मी रोज बघत होते, आधी ती भिंतीला टेकून उभी असायची.

शरीराचा भाग विसरू नकोस, आपण फिजिओ आहोत आणि वेलबीइंग म्हटलं की सगळे फक्त मनाचं मोजतात याचं मला दर वेळी वाईट वाटतं. एक प्रसंग सांगते. एक इंटर्न कंबरेच्या पेशंटला मणक्याचं मोबिलायझेशन (अंगठ्यांनी दाब देऊन सांधा हलवणं) देत होती, दोन्ही अंगठे एकावर एक, आणि वरच्या अंगठ्याचा टोकाचा सांधा पूर्ण मागे वळलेला. ती पेशंटकडे बघतच नव्हती, ओठ हलत होते, मोजत होती. संपल्यावर हात खिशात घातले. मी म्हटलं हात दाखव, तर अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर डोळ्यात पाणी. पाच आठवडे दुखत होतं. सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाली, मला वाटलं सगळ्यांचंच दुखतं, सांगितलं तर म्हणतील हिला जमत नाही. त्या दिवशी तो पेशंट मला म्हणाला, त्या ताई काही बोलत नाहीत हो, मला भीती वाटते काही चुकतंय का. हे दोन्ही एकाच टेबलावर घडत होतं, तिचा अंगठा आणि त्याची भीती.

'प्रोफेशनल प्रॅक्टिस' या रकान्याचं उत्तर इथेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टवर क्रोमी आणि सहकाऱ्यांचा एक सर्व्हे २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात ९१% जणांना कधी ना कधी कामामुळे सांधे-स्नायूंचा त्रास झाला होता, आणि दर सहातल्या एकाने त्यामुळे कामाचं क्षेत्र बदललं किंवा व्यवसायच सोडला. आणि तरुण थेरपिस्टमध्ये त्रासाचं प्रमाण बहुतेक भागांत जास्त निघालं, मोबिलायझेशन-मॅनिप्युलेशन करणाऱ्यांमध्ये अंगठ्याचा त्रास जास्त. म्हणजे नुकसान सुरुवातीलाच व्हायला लागतं, आणि दुखणं लपवायची सवय तर त्याच्याही आधी, विद्यार्थी असतानाच लागते. मोजायला नॉर्डिक प्रश्नावली आहे, १९८७ ची, शरीराचे ९ भाग, मागचे १२ महिने आणि मागचे ७ दिवस. त्यात फक्त अंगठ्याचा एक जादा प्रश्न घाल, कारण ती मनगट आणि हात एकत्र विचारते आणि आपल्याला अंगठा वेगळा हवाय. आणि एक प्रश्न तुझा स्वतःचा, दुखत होतं तेव्हा कुणाला सांगितलंस का, नसेल तर का नाही? मला विचारशील तर आख्ख्या फॉर्ममधला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच ठरेल.

पेशंटच्या बाजूने काय मोजायचं हे अवघड आहे. 'तुमच्या थकव्याचा पेशंटच्या काळजीवर परिणाम होतो का' असं विद्यार्थ्यालाच विचारलं तर तो काय सांगणार, एक तर नाही म्हणेल किंवा अपराधी वाटून जास्तच हो म्हणेल. मी एका विद्यार्थ्याला केस शीट बघायला सांगितल्या होत्या, अर्थात एथिक्स कमिटीची आणि विभागाची परवानगी घेऊन, पेशंटची नावं झाकून. प्रत्येक शीटवर पेशंटचं ध्येय असा रकाना असतो. तिथे 'गुडघ्याची रेंज वाढवणे' लिहिलंय की 'जिना एकटीने उतरायचाय' असं पेशंटच्या तोंडचं काही लिहिलंय, एवढंच बघायचं. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यातल्या शीटमध्ये माणूस दिसायचा, शेवटच्या आठवड्यात बऱ्याचदा नुसता सांधा. बोलण्यातही तेच, सुरुवातीला 'त्या आजी', महिन्याअखेर 'सात नंबरचा गुडघा'. मॅस्लॅकच्या दुसऱ्या भागात जे विचारलंय ते कागदावर असं दिसतं. हे मी एका ठिकाणी, थोड्या शीटवर पाहिलेलं आहे, नियम म्हणून सांगत नाहीये, पण तुझ्यासारख्या कुणी नीट दोन जणांकडून स्वतंत्र तपासून, स्कोअर माहीत नसताना करून बघितलं तर वाचायला मला खूप आवडेल.

तर इथपर्यंतचं एका दमात: एकदाच मोजण्याऐवजी पोस्टिंगगणिक मोज, मनाबरोबर शरीर मोज, आणि स्कोअर ज्या गोष्टींमुळे हलू शकतो त्या गोष्टीही त्याच कागदावर विचार. पुढचं सगळं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तुला थीसिससाठी वर्ष मिळतंय की चार महिने, पोस्टिंग किती आठवड्यांची, बॅच किती मोठी, काउन्सेलर आहे की नाही. चारच महिने असतील तर रोटेशनचा स्टडी अर्धाच होईल, तेव्हा दोन पोस्टिंगवर थांब आणि तसं प्रामाणिकपणे लिही. एकदाच मोजायचं ठरलंच तर निदान 'अमुकमुळे तमुक होतं' असं लिहू नकोस, एका वेळच्या मापातून कारण काढता येत नाही, जास्त स्ट्रेसमुळे कंबर दुखते की कंबर दुखते म्हणून स्ट्रेस, दोन्ही तितकंच शक्य आहे. निरीक्षणात्मक (आपण काही उपाय न करता नुसतं मोजायचं असा) स्टडी कसा लिहायचा यासाठी २००७ ची स्ट्रोब चेकलिस्ट आहे, २२ मुद्द्यांची, ती लिहायला बसताना नाही तर आत्ताच समोर ठेव.

सॅम्पल साइजबद्दल एकच. तो ३८४ चा आकडा सगळे लिहितात, तो प्रमाण ५०% धरून, ५% चूक आणि ९५% खात्रीसाठी मोठ्या लोकसंख्येला आहे. तुमचे सगळे मिळून विद्यार्थीच २०० असतील तर दुरुस्ती करून तो साधारण १३२ वर येतो. पण आकडा गाठण्यापेक्षा कोण भरत नाहीये ते बघणं जास्त गरजेचं आहे. ग्रुपवर लिंक टाकली आणि २०० पैकी ९० जणांनी भरली, तर जे खूप थकलेत त्यांनी लिंक उघडलीच नसेल, किंवा उलट ज्यांना त्रास आहे त्यांनीच मन मोकळं करायला भरली असेल. दोन्ही बाजूंनी आकडा फसवू शकतो. त्यामुळे मी कागदी फॉर्म, शेवटच्या तासाच्या शेवटी, न भरायची मोकळीक देऊन, आणि न भरणाऱ्यानेही कोरा फॉर्म त्याच पेटीत टाकायचा असं करते, म्हणजे कुणी भरला नाही ते शेजारच्याला कळत नाही.

आणि तो फॉर्म वाटायला तुझ्या गाईडना किंवा इंटर्नल मार्क देणाऱ्या कुणालाही उभं करू नकोस. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेल्सिंकी जाहीरनाम्यात (पहिला १९६४ चा, नंतर बऱ्याचदा सुधारलेला) हे स्पष्ट आहे की सहभागी माणूस संशोधकावर अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या माणसाने घ्यावी. ज्यांच्या हातात मार्क आहेत त्यांनी 'हे ऐच्छिक आहे' म्हटलेलं विद्यार्थ्याला ऐच्छिक वाटतच नाही. दुसरं, निनावी म्हणजे नुसतं नाव काढणं नव्हे. वर्गात मुलगे चारच, त्यातला एकच हॉस्टेलला, आणि तू टेबलात 'पुरुष, तिसरं वर्ष, हॉस्टेल' असा रकाना केलास तर त्याचा स्कोअर सगळ्या कॉलेजला कळला. पाचपेक्षा कमी माणसं असलेला कुठलाही गट मी वेगळा छापू देत नाही.

पूर्ण निनावी ठेवलं तर कमी स्कोअरवाल्यापर्यंत पोचता येत नाही, नावं घेतली तर कुणी खरं लिहीत नाही. रोटेशनमध्ये तर तुला तोच माणूस चार वेळा ओळखायला लागणारच. मी हल्ली असं करते, प्रत्येकाला एक कोड, कोड आणि नावाची यादी काउन्सेलरकडे बंद, माझ्याकडे नाही आणि विद्यार्थिनीकडेही नाही. फॉर्म त्याच संध्याकाळी बघायचे, ठरवलेल्या आकड्याखाली असेल तो कोड काउन्सेलरला कळवायचा, आणि हे असं होणार आहे हे संमतीपत्रात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात सांगायचं. त्यामुळे काही जण सावधपणे भरतील, भरू देत. काउन्सेलर नसेल तर पीएचक्यू-९ वापरूच नकोस, डब्ल्यूएचओ-५ वर थांब आणि प्रत्येकाच्या हातात मदत कुठे मिळेल त्याचा कागद दे, घरी न्यायचा.

मुलाखती घ्यायच्या असतील तर आठ-दहा पुरतात तुला, नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्यांच्या घे, त्यांना आता मार्कांची भीती नसते आणि आठवणीही ताज्या असतात. 'तुला ताण येतो का' असं विचारलंस तर हो किंवा नाही मिळेल. त्याऐवजी म्हण, घरी गेल्यावरही डोक्यातून गेला नाही असा वॉर्डातला एक दिवस सांग, आणि मग गप्प बस, मधे आपले शब्द भरवू नकोस. ॲनालिसिसला ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ ची थीमॅटिक पद्धत (बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे विषय शोधून मांडायचे) पुरेशी आहे.

व्यायाम, मेडिटेशन यांचं एखादं सेशन ठेवून आधी-नंतर मोजायचं असंही सुचवतील तुला. व्यायामाचा उपयोग होतो, आपणच पेशंटला आठवड्याला १५० मिनिटं सांगतो. पण सकाळपासून उभं राहिलेल्या इंटर्नला संध्याकाळी सक्तीने सेशनला बसवलं तर तो तिच्या दिवसातला आणखी एक तास गेला, आणि तिला ज्याचा त्रास होतोय ते पोस्टिंग तसंच राहिलं.

गाईडशी भांडू नकोस. त्यांना पीएसएस हवी आहे तर राहू दे, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा घे, मध्ये तुझी डब्ल्यूएचओ-५, म्हणजे त्यांचंही होईल आणि तुझंही. जाताना एका कागदावर पोस्टिंगचं टाइमटेबल आखून घेऊन जा आणि कुठल्या दिवशी कुठला फॉर्म ते त्यावर खूण करून दाखव, बोलण्यापेक्षा ते पटकन पटतं. त्याआधी पाच पासआऊट मैत्रिणींकडून सगळा फॉर्म भरून घे आणि घड्याळ लाव, दहा मिनिटांच्या वर गेला तर प्रश्न काप. आधी नॉर्डिकमधले १२ महिन्यांचे काप, ७ दिवसांचे ठेव.

सिनॉप्सिसचा ड्राफ्ट झाला की नाव-कॉलेज काढून इथेच टाक, मी वाचेन, दोन-तीन दिवस लागतील. आणि वर तुला जे तीन प्रश्न विचारलेत त्यांचं काय ते ड्राफ्टची वाट न बघता लिही, इथे नको असेल तर मेसेजमध्ये लिही, मी आज रात्री बघतेय.